भिक्खुनींची ताटली

तडा अकरा मिलिमीटरचा होता. संध्याने तो तीनदा मोजला, कारण एकदाच मोजलेल्या कुठल्याही गोष्टीवर तिचा विश्वास बसत नसे. तिन्ही वेळा अकराच आला. ताटलीच्या खालच्या काठापासून तो निघत होता, केसाइतका बारीक, आणि तिसऱ्या बाईच्या हनुवटीच्या जरा अलीकडे संपत होता. दोन हजार नऊमध्ये तो नऊ मिलिमीटर होता. तेव्हा तिने मेणबत्ती ताटलीपासून वीतभर लांब सरकवली होती. ज्योतीजवळचा काठ तापतो, मधला भाग गार राहतो, आणि चिनीमातीला ही ओढाताण फार काळ सोसत नाही. घरात हे तिने कुणाला सांगितले नव्हते. मेणबत्ती सरकलेली सगळ्यांनी पाहिली होती आणि कुणी विचारलेही नव्हते.

तिने पट्टी पर्समध्ये ठेवली. पर्सच्या त्याच कप्प्यात लॅबचे पत्र होते. पाण्याचे नमुने तपासणाऱ्या त्या लॅबमध्ये ती सात वर्षे नवऱ्याच्या व्हिसावर काम करत आली होती. आता तिला सीनियर अ‍ॅनालिस्टची जागा आणि स्वतःचा व्हिसा मिळत होता. लॅबप्रमुख खुदेजा हिने गेल्या बुधवारी शांतपणे सांगितले होते, "संध्या, रविवारी सकाळी आठ वाजता मला हो किंवा नाही हवंय. इन्शाल्ला नको."

पत्र येऊन दोन महिने झाले होते. अतुलला, तिच्या नवऱ्याला, ते माहीत होते. पहिल्या दिवशी त्याने विचारले होते, "मग?" आणि ती म्हणाली होती, "बघू." त्यानंतर त्याने विचारले नाही. न विचारणे म्हणजे विषय संपला, असे अतुलचे गणित होते. तेलाचे भाव पडल्यापासून त्याच्या कंपनीची तीन बांधकामे थांबली होती, त्याचे कॉन्ट्रॅक्ट संपले होते आणि महिनाअखेरीला त्याचा व्हिसाही संपत होता. मुलगा सागर भारतात कॉलेजात होता. त्याच्या डोक्यात नाशिकला परतायचे होते, आणि त्यात संध्या होती, जशी खोक्यांमध्ये भांडी होती.

मस्कतजवळच्या अल अमेरातमधल्या त्या फ्लॅटच्या हॉलमध्ये एकोणीस खोकी भिंतीला लावून ठेवलेली होती. साडेतीनला रुवीहून हुसैनमियाँ कार्गोचा ट्रक घेऊन येणार होते. सगळे बांधून झाले होते. बाहेर राहिली होती ती वंदनेची फळी, फळीवरची बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि ताटली. तसबिरी हँडबॅगेतून जाणार हे ठरलेले होते. ताटली कुठे जाणार हे कुणी बोलत नव्हते.

या घराची रीतच तशी होती. भिक्खुनींची म्हणून घरात ओळखली जाणारी ताटली सासरे शिवराम, म्हणजे बाबा, यांनी रशियाहून आणली, सत्तर साली, ओझरच्या विमान कारखान्याने शिकायला पाठवले होते तेव्हा. त्यांच्या आईने, गंगुबाईंनी, ती फळीवर ठेवली आणि म्हातारी असेपर्यंत ती तिच्याच उशाशी राहिली. मग सासूबाई कांताकडे आली. सासूबाई गेल्यावर बाबा मस्कतला आले तेव्हा ती त्यांच्या मांडीवर बसून विमानातून आली. आधी ती थोरल्या मुलाच्या, प्रेमानंदच्या घरी मदिनत सुलतान काबूस भागात तीन महिने राहिली. तिथे ती काचेच्या शोकेसमध्ये क्रिस्टलच्या ग्लासांशेजारी उभी होती, आणि एक दिवस बाबा तिला वर्तमानपत्रात गुंडाळून टॅक्सीने अतुलकडे घेऊन आले. का आले हे त्यांनी सांगितले नाही, कुणी विचारले नाही. तेव्हापासून घरात कळलेले होते की ताटली जिथे, तिथे म्हातारे माणूस. गेले दोन महिने दोघे भाऊ फोनवर ताटलीबद्दल बोलत होते. ती कार्गोने पाठवणे बरे की हातात नेणे बरे, नाशिकची हवा तिला मानवेल की नाही. बाबांचे नाव एकदाही निघाले नव्हते.

साडेबाराला प्रेमानंद आणि रचनावहिनी आले, बरोबर नववीतली सोनल. रचनावहिनींच्या एका हातात चिकन रश्श्याचा डबा होता आणि दुसऱ्या हातात फोम लावलेले चौकोनी खोके.

"जय भीम, बाबा," प्रेमानंद वाकून म्हणाला. बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. त्यांनी हात वर केला. समोरचा उघडा तपकिरी डोंगर ते रोज बघत, आज जरा जास्तच बघत होते.

संध्याची नजर खोक्यावर होती. ते वहिनींनी आणले होते, म्हणजे ताटली त्यांच्याकडे जाणार असा अर्थ निघत होता. पण खोक्यावर बाहेरून लाल अक्षरांत 'सांभाळून' असे लिहिले होते, म्हणजे ते प्रवासाला निघालेले होते.

"आणलं आपलं," रचनावहिनी म्हणाल्या. "रस्त्यात फुटायला नको."

"कुठल्या रस्त्यात?" अतुलने विचारले.

"कुठल्याही."

अतुलने भावाकडे पाहिले. प्रेमानंद डब्याचे झाकण उघडण्यात गुंतला होता.

ताटे बांधली गेली होती, म्हणून कागदी प्लेटा होत्या. भाकरी रुवीतल्या एका मराठी बाईंकडून आणलेल्या. सगळे जमिनीवर चादर टाकून बसले, बाबा खुर्चीत. पहिली दहा मिनिटे रश्श्याचे कौतुक झाले. मग प्रेमानंद म्हणाला, "नाशिकचं हवामान काय मस्त असतं ना या दिवसांत."

"मस्त," अतुल म्हणाला. "पण चार महिने. मग धूळ आहेच."

"विहार जवळ आहे. बाबांचे जुने लोक आहेत."

"जुने लोक आता कोण राहिलेत, दादा? कारखान्यातले सगळे गेले. उलट इथं हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे. तुझ्या घरापासून तर पाच."

"हॉस्पिटल नाशिकलाही आहेत रे. आणि इथं आम्ही दोघं सकाळी सातला बाहेर. सोनल शाळेत. दिवसभर ताटलीकडे बघणार कोण?"

प्रेमानंद सरळ चेहऱ्याने ताटली म्हणाला. संध्याने बाबांच्या प्लेटमध्ये रस्सा वाढला. त्यांनी पुरे म्हणून बोट उचलले, ताटलीचे त्यांनी ऐकले की नाही ते कळले नाही.

"मला काही नोकरी लागलेली नाही अजून," अतुल म्हणाला. "पुण्यात मिळाली तर पुण्याला. मग परत हलवाहलव. दर सहा महिन्यांनी ताटली हलवायची का?"

"आमच्याकडे शोकेसमध्ये जागा आहे तशी," रचनावहिनी म्हणाल्या, "पण मागच्या वेळी तिथं तिला करमलं नाही." त्यांच्या आवाजात कडवटपणा होता, तो नऊ वर्षांचा होता. एका सकाळी उठून सासरे शेजारच्या गावाला जावे तसे निघून गेले, आणि इथल्या मराठी मंडळाच्या बायकांत त्यांना दोन वर्षे त्याची उत्तरे द्यावी लागली. संध्याला ते माहीत होते. तिने कधी त्याबद्दल बरे-वाईट शब्द काढला नव्हता, आणि वहिनींना नेमके तेच लागत होते.

जेवण झाले. संध्याने किटलीत पाणी ठेवले. दूध संपवून टाकलेले होते, म्हणून सगळ्यांनाच कोरा चहा. बाबा तसाही कोराच पीत, रशियाची सवय. इथे सगळे त्याला सुलेमानी म्हणत, ते एकटे कोरा म्हणत.

सोनलकडे कार्गोचा फॉर्म भरायचे काम दिलेले होते, कारण तिचे अक्षर चांगले होते. ती पोटावर पालथी पडून लिहीत होती. "काकू, खोकं नंबर फोर्टीन, प्रेशर कुकर टू, तवा वन. झालं. आता ही प्लेट. लिहू का? कार्गोत जातेय की नाही?"

अतुल जवळच्या खोक्याची चिकटपट्टी दाबून बघू लागला.

"मी लिहून ठेवते. लागलं नाही तर कट करू." ती स्वतःशीच पुटपुटली, "डिस्क्रिप्शन... पोर्सिलीन प्लेट, थ्री नन्स. आजोबा, ओल्ड असेल तर इयर लिहायचंय. कधीची आहे?"

"अडतीसची," बाबा म्हणाले.

"नाइन्टीन थर्टी एट? वॉव." तिने उठून मोबाइलने ताटलीचा फोटो काढला, आणि हल्लीची मुले करतात तसे तो फोटोच इंटरनेटला विचारला की तू कोण. मग बराच वेळ ती वाचत राहिली. चहा कपात ओतला गेला, वाटला गेला.

"पप्पा," ती म्हणाली, "या नन्स नाहीयेत."

"काय?"

"पायलट आहेत. थ्री लेडी पायलट्स. म्हणजे दोन पायलट आणि एक नॅव्हिगेटर. बाल्ड नाहीयेत त्या, लेदरची कॅप आहे. सेम फोटो आहे, सेम फेसेस. प्लेट वेगळी आहे, पण याच तिघी." तिने मोबाइल वडिलांपुढे धरला.

प्रेमानंदने चष्मा वर केला, खाली केला. मग उठून फळीपाशी गेला. या घरातल्या कुणीही ताटलीकडे इतक्या जवळून पाहिले नव्हते, कारण तिच्याकडे पाहायचे ते हात जोडून. तिघींची डोकी फिकट तपकिरी रंगाची, गुळगुळीत. कानांवरून रेषा गेलेली. गळ्याशी गडद तांबूस कपडा, भिक्खूंच्या चीवरासारखा. भोवती गोल फिरणारी अक्षरे, ती कांताबाई सिंहली समजत. डाव्या अंगाला लाल चांदणी.

"बाबा," प्रेमानंद वळून म्हणाला, "ही काय म्हणतेय?"

बाबांनी कप खाली ठेवला. "बरोबर म्हणतेय."

"बरोबर म्हणजे?"

"ग्रिझोदुबोवा, ओसिपेंको, रास्कोवा," बाबा म्हणाले. ही नावे त्यांच्या तोंडून अशी निघाली की जणू ओझरच्या कॉलनीत शेजारी राहणाऱ्या बायकांची असावीत. "मॉस्कोहून निघाल्या, पूर्वेच्या टोकाला जायला. कुठं न उतरता. सव्वीस तासांवर उडाल्या. बायकांपैकी एवढं लांब कधी कुणी गेलं नव्हतं तोवर. मग त्यांच्या तसबिरी सगळ्यावर आल्या, कपावर, ताटल्यांवर. आमच्याकडे जयंतीला कॅलेंडर निघतात तसं."

मग अतुल हसू लागला. तो दाबायचा प्रयत्न करत होता, पण खांदे हलत होते.

"हसू नकोस," प्रेमानंद म्हणाला.

"दादा, तू बारावीच्या परीक्षेला जाताना डोकं टेकवलं होतंस. फिजिक्सच्या पेपरला."

"टेकवलं होतं. मग?"

"बरोबर ठिकाणी टेकवलंस, एवढंच म्हणतो."

प्रेमानंदला हसू आले नाही. चाळिशीतल्या इंजिनिअर माणसाला देवभोळेपणाचा आरोप सोसवत नाही, आणि त्यातही ज्यांच्या आज्याने छप्पन्न साली घरातले देव गोदावरीत सोडले त्यांना तर नाहीच. "बाबा, शेहेचाळीस वर्षं आपल्या घरात त्रिसरण म्हटलं या ताटलीपुढं. आई रोज मेणबत्ती लावायची. तुम्ही समोर बसलेले असायचात. तुम्हाला रशियन वाचता येतं."

"येतं."

"मग सांगितलं का नाही?"

बाबांनी डोंगराकडे पाहिले. ते विचार करत होते असे नाही, क्रम लावत होते. आयुष्यभर त्यांनी विमानाची इंजिने जोडली होती, आणि कुठला नट आधी हे ठरल्याशिवाय ते हात लावत नसत.

"मी परत आलो, पेटी उघडली," ते म्हणाले. "तिकडच्या कारखान्यात आम्हाला शिकवायला एक बाई होत्या, आंतोनिना पेत्रोव्हना. लढाईत विमानं दुरुस्त केलेल्या. मी निघताना त्यांनी दिली होती. म्हणाल्या, तुझ्या आईला दे. तर मी आईला दिली. आईनं पदरानं पुसली, बघितली. म्हणाली, शिवा, भिक्खुनी मिळाल्या तुला? कुठं मिळाल्या? मी म्हणालो, रशियात."

"खोटं नाही बोललात," अतुल म्हणाला.

"नाही बोललो. तोवर आमची फळी रिकामी होती रे. नुसत्या दोन तसबिरी. देव काढले, त्याला चौदा वर्षं झाली होती. आई म्हणायची, बुद्ध पुरुष, बाबासाहेब पुरुष, बाई एक नाही. तिनं ताटली फळीवर ठेवली आणि गल्लीतल्या बायकांना बोलावून दाखवली. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तिनं पहिल्यांदा स्वतः पंचशील म्हटलं, पाठ नव्हतं तिचं तोवर. म्हटलं, जरा राहू दे."

"आणि आईला?" प्रेमानंदने विचारले. "आमच्या आईला तरी?"

"लग्न झालं तेव्हा सांगणार होतो. तिनं आल्या दिवशी सासूबरोबर वंदना केली. मग प्रेमानंद, तू झालास तेव्हा. मग माझी आई गेली तेव्हा. तीनदा ठरवलं होतं." ते थांबले. "वेळेवर सांगितलं असतं तर ती नुसती माहिती होती. नंतर सांगायचं म्हणजे इतके दिवस का नाही सांगितलं, तेच सांगावं लागतं. मूळ गोष्ट लहान राहते, बाकीचं वाढत जातं."

संध्या कप गोळा करत होती. तिने तीन कप एकात एक घातले आणि चौथा हातात धरून उभी राहिली.

"पण नॅव्हिगेटरचं काय झालं ते सांगा ना, आजोबा," सोनल म्हणाली. तिला मोठ्या माणसांच्या भांडणाचा मुद्दा कळला नव्हता आणि गोष्टीचा कळला होता. "इथं लिहिलंय शी जम्प्ड."

"पेट्रोल संपलं," बाबा म्हणाले. "खाली जंगल, दलदल. उतरवायचं तर विमान पोटावर उतरवायला लागणार. तिची जागा पुढं नाकात, काचेच्या खोलीत. विमान नाकावर गेलं तर ती मरणार. म्हणून मुख्य पायलटनं तिला हुकूम केला, उडी मार. तिनं मारली. खिशात दोन चॉकलेटं. दहा दिवस जंगलात चालली, मग विमान सापडलं तिला. बाकीच्या दोघी तिथंच थांबल्या होत्या."

"तिला उडी मारायची होती का?" संध्याने विचारले.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले, कारण ती सकाळपासून बोललीच नव्हती.

"हुकूम होता," बाबा म्हणाले. "पेत्रोव्हना म्हणायच्या, तिला नव्हती मारायची."

संध्याने मान हलवली. गोष्टीतून अर्थ काढायची तिला सवय नव्हती. तिने एवढेच टिपून घेतले की विचारले कुणी नव्हते.

रचनावहिनी उठल्या आणि त्यांनी फोमचे खोके उघडले. त्यांच्या चेहऱ्यावरचा सकाळपासूनचा ताण उतरलेला होता. "मी म्हणते, बरंच झालं. भिक्खुनी नाहीत म्हणजे शोकेसमध्ये ठेवायलाही हरकत नाही. आणि नाशिकला न्यायचं असेल तर कार्गोत घालायलाही हरकत नाही. आता ती नुसती ताटली आहे."

"नुसती कशी, वहिनी?" अतुल एकदम म्हणाला. मघाशी हसणारा तोच. "आजीनं ठेवलेली आहे."

"मग तू ने."

"मी कुठं नको म्हणालो? मी म्हणतोय, दादाकडे राहिली तर..."

"पुन्हा तेच," प्रेमानंद म्हणाला. तो मूळचा चिडका माणूस नव्हता. पण आपल्याच घरात आपण जन्मभर काही माहीत नसलेला माणूस होतो, हे त्याला आत कुठेतरी टोचत होते. "एक सांग. तुला माहीत होतं का रे हे?"

"शपथ नाही."

"रचना, तुला?"

"मला?" रचनावहिनी म्हणाल्या. "तुमच्या घरात मला काय सांगतात?"

बाबा म्हणाले, "संध्याला माहीत होतं."

कप संध्याच्या हातातच होता. तिने तो ओट्यावर ठेवला.

"तुला माहीत होतं?" अतुलने विचारले.

"खालच्या काठावर विमान आहे," संध्या म्हणाली. "बोटाच्या पेराएवढं. लाकडाच्या स्टँडमागे झाकलेलं असतं. पुसायला काढली तेव्हा दिसलं. दोन हजार नऊ साली."

"आणि तू बोलली नाहीस."

"बाबा बोलले नव्हते."

"बाबा, तुम्हाला कसं कळलं की तिला कळलंय?"

"तिनं पुसून झाल्यावर स्टँड नीट लावला," बाबा म्हणाले. "विमान झाकेल असा. तुझ्या आईकडून तो नेहमी तिरका लागायचा."

प्रेमानंद आता मात्र हसला. दुपारभरातले त्याचे पहिले हसू होते ते, आणि त्यात थोडा राग शिल्लक होता. "बरोबर. म्हणूनच त्या वेळी टॅक्सी करून इकडं आलात. आमच्या शोकेसमध्ये कुणीतरी विचारलं असतं, इथं न बोलणारं माणूस मिळालं ना." रचनावहिनींनी नवऱ्याकडे पाहिले. नऊ वर्षे त्यांनी स्वतःत जी चूक शोधली होती ती कदाचित नव्हतीच, हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेले. त्यांनी खोक्याचे झाकण बंद केले आणि ते संध्याच्या बाजूला सरकवले. भांडणात कुणी बाजू बदलली तर या घरात ती अशीच बदलत असे.

तेवढ्यात फोन वाजला. हुसैनमियाँ होते. अतुलने स्पीकरवर टाकला.

"अतुलभाई, मैं पेट्रोल पंप पे हूँ. दस मिनिट. सामान तैयार है ना? उन्नीस या बीस?"

"उन्नीस," अतुल म्हणाला. मग भावाकडे बघून, "बीस. बताता हूँ."

"बताओ, भाई. ट्रक में जगह रखनी है. यल्ला."

फोन बंद झाला. प्रेमानंदने गुडघ्यांवर हात टेकले, सभेचा समारोप करताना टेकतो तसे. "ऐक, अतुल. आडवळणाला अर्थ नाही. ताटली नाशिकला जाऊ दे, आणि बाबाही." बाबांचे नाव पहिल्यांदा निघाले, आणि निघाल्यावर सगळ्यांनाच बरे वाटले. "मी दर महिन्याला येऊन जाईन. तुझी नोकरी पुण्यात लागली तर तू पुण्यात राहा, शनिवार-रविवार जा. घर बंद राहणार नाही, कारण संध्या आहे. संध्या असल्यावर बाबांची काळजी नाही. नऊ वर्षं आपण बघतोय."

"ते आहेच," अतुल म्हणाला. त्याला हे असे सोपे वाटले नव्हते, आता वाटत होते. "संध्या आहे म्हटल्यावर प्रश्न नाही."

"तसं ठरवू. संध्या, तुझं काय?" प्रेमानंदने विचारले, आणि उत्तराची वाट न बघता खेळीमेळीने पुढे म्हणाला, "का तू अजूनही काही झाकून ठेवलंयस स्टँडमागे?"

सोनल हसली. रचनावहिनी हसल्या नाहीत. बाबा डोंगराकडून वळून संध्याकडे बघत होते. दोन महिन्यांपूर्वी कुरिअरवाल्याकडून ते पाकीट त्यांनीच घेतले होते, आणि तिच्या टेबलावर पालथे ठेवले होते.

संध्याने ओट्याचा नळ बंद केला. तो आधीपासूनच बंद होता.

"आहे," ती म्हणाली.

अतुलला तेव्हा कळले. तो सरळ बसला. "संध्या, ते आपण नंतर बोलू. घरी."

"हेच घर आहे," ती म्हणाली. "रविवारी आठ वाजता मला लॅबमध्ये उत्तर द्यायचंय. स्वतःचा व्हिसा देतायत."

"अगं, कळव ना मग, जमत नाही म्हणून," प्रेमानंद म्हणाला. "त्यात संकोच कसला? सागरच्या कॉलेजच्या फीचं मनात असेल तर ते मी बघतो. तो माझाही मुलगाच आहे."

"सागरसाठी नाही, दादा."

"मग कशासाठी?"

तिने विचार केला. उत्तर तिच्याकडे होते, पण ते या खोलीत कसे दिसेल हे तिने कधी तपासले नव्हते. "मला ते काम आवडतं. सात वर्षं मी केलेलं सगळं दुसऱ्याच्या सहीनं बाहेर गेलं. आता माझ्या सहीनं जाईल. एवढंच आहे."

"आणि बाबा?" अतुलने विचारले. आवाज त्याने चढवला नव्हता. तो खरेच विचारत होता.

"माझ्या व्हिसावर बाबांना ठेवता येत नाही. चौकशी केली मी, तीन ठिकाणी. म्हणजे ते तुझ्याबरोबर जातील किंवा दादांकडे राहतील. आणि रोज त्यांना कोण बघेल ते मी सांगू शकत नाही. हे माहीत होतं म्हणूनच दोन महिने बोलले नाही."

खाली ट्रकचा हॉर्न वाजला. कुणी खिडकीशी गेले नाही. बाबांनी कप उचलला. त्यात काही नव्हते, तरी त्यांनी तो हातात धरून ठेवला.

"सूनबाई," ते म्हणाले, "शब्दांत सांग. नाहीतर हे लोक उद्या म्हणतील, ती म्हणालीच नाही."

संध्याने अतुलकडे पाहिले, कारण त्याला सांगायचे होते.

"मी नाशिकला येत नाही," ती म्हणाली. "मी इथेच राहणार आहे."